आलेखातला खड्डा

१

सोमवारी सकाळी केंद्रात पोचले, संगणक चालू केला, आणि श्रद्धाआक्काच्या शोधनिबंधाचा आकडा गायब झालेला दिसला.

आकडा कसला ते आधी सांगायला हवं. आमचं लोकविज्ञान अभ्यास केंद्र बेळगावात टिळकवाडीच्या एका जुन्या बंगल्यात आहे. शाळेबाहेर, म्हणजे बाजारात, जत्रेत, देवळाच्या आवारात लोक विज्ञान कसं शिकतात याचा आम्ही अभ्यास करतो. असा अभ्यास छापून आला की जगात त्याची कुठे दखल घेतली गेली हे मोजणारी एक सेवा आहे. बातम्या, लेख, समाजमाध्यमांवरच्या उघड्या पोस्ट, जिथे जिथे निबंधाची लिंक दिसेल ते ती वेचते आणि निबंधाला एक आकडा देते. केंद्राचे असे आकडे गोळा करून अहवाल लिहिणं हे माझं काम. मी दिपाली, भौतिकशास्त्रातली एम.एस्सी. गाव खानापूरजवळचं, खोली खासबागेत.

आमच्या निबंधांचे आकडे बोटांवर मोजण्याएवढेच असत. पण गणपती झाले आणि श्रद्धाआक्काचा निबंध एका दिवसात शेकड्यांत गेला. आम्ही पेढे खाल्ले. मारुतीराव सरांनी, म्हणजे केंद्राच्या संचालकांनी, तो आकडा कागदावर मोठा छापून दारावर लावला.

आता त्या जागी एक राखाडी वर्तुळ होतं. खाली ओळ: 'कृत्रिम प्रसाराचा संशय. नोंदी राखून ठेवल्या आहेत.'

मी पान पुन्हा उघडलं. पुन्हा उघडलं. वर्तुळ तसंच.

"नको बडवू त्या यंत्राला," मागून सर म्हणाले. "मला पण पत्र आलंय. शुक्रवारी समिती आहे, ठाऊक आहे ना? गाडी चालू ठेवायची की नाही ते ठरणार. आणि नेमकं आत्ता हे!"

गाडी म्हणजे श्रद्धाआक्काचा जीव. एक जुनी रुग्णवाहिका, तिच्यात दोन सूक्ष्मदर्शक. खेडोपाडी लोक तिला भिंगाची गाडी म्हणतात.

"सर, लोकांनी खरंच शेअर केलं असेल."

"कधी? तारीख बघ. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्या मंडळाची मूर्ती तलावात गेली तेव्हा उजाडलं होतं. अख्खं बेळगाव घोरत पडलेलं. आणि त्याच वेळी शेकडो लोक उठून शोधनिबंध वाटत बसले?" त्यांनी दारावरचा कागद ओढून काढला. "यंत्रांना झोप लागत नाही, दिपाली. ही विकत घेतलेली दखल आहे. कोणी घेतली ते शुक्रवारच्या आत शोध. नाही सापडलं, तर समिती एकच नाव धरेल."

ते नाव त्यांनी उच्चारलं नाही. शेजारच्या खोलीत आक्काची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

२

माझ्याकडे एक कच्ची फाइल होती. सेवेने पोस्ट झाकल्या होत्या, खात्यांची नावं पुसली होती. पण प्रत्येक पोस्टची वेळ, गाव आणि खाली आलेल्या प्रतिसादांची संख्या उरली होती. प्रत्येक पोस्टमध्ये एक चित्र आणि खाली लिंक, बाकी एक अक्षर नाही. चित्र सेवा वाचत नाही. मी थेट समाजमाध्यमांवर शोधायचा प्रयत्न केला, पण ज्या पोस्टमध्ये शब्दच नाही ती कोणता शब्द टाकून शोधणार?

मग मी वेळेचा आलेख काढला आणि रविराजला दाखवला. रविराज आमच्याकडचा दुसरा संशोधक. आक्काचा निबंध बाद झाला तर समितीसमोर त्याचा निबंध पहिला येणार, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं.

"विचार की सरळ," तो म्हणाला. "फायदा माझा आहे, कबूल. पण तिला बुडवायला तिचा आकडा कशाला वाढवीन मी?"

"वाढवूनच बुडवता येतं. आत्ता तेच झालंय."

"अगं बाई, मी ढोलपथकात होतो. सकाळी हात वर उचलून भाकरी मोडता येत न्हवती, बटणं काय दाबणार? आणि त्या दिवशी सकाळी शुद्धीवर होतं तरी कोण बेळगावात?"

त्याच्या तळहातावरचे फोड अजून पूर्ण गेले नव्हते. पण माझी नजर आलेखावर होती. पहाटेपासून रेषा चढत जात होती, आणि मग उन्हं वर आल्यावर मधोमध खाली बसत होती. जवळजवळ शून्य. नंतर पुन्हा वर.

"हा खड्डा कसला?"

"सर्व्हर पडला असंल."

सर्व्हर पडला की रेषा कड्यासारखी तुटते. ही उतारासारखी उतरली होती आणि तशीच हळूहळू चढली होती. कोणी आधी थांबलं, कोणी नंतर. कोणी लवकर परतलं, कोणी रेंगाळलं. यंत्र असं रेंगाळत नाही. मला बसवेना. मी उठून आक्काच्या खोलीत गेले.

श्रद्धाआक्का मूळची निपाणीची, जैन घरातली. कामापुरती बेळगावात राहते. तिचा निबंध मी इतक्या वेळा वाचलाय की काही वाक्यं पाठ आहेत. जैन घरांत पाणी फडक्याने गाळून पितात, पाण्यातला बारीक जीव मरू नये म्हणून. आक्काने निपाणीत गाडी उभी करून न गाळलेल्या आणि गाळलेल्या पाण्याचे थेंब भिंगाखाली ठेवले आणि बघणारे काय बोलतात ते टिपलं. माणसं घरातल्या रीतीवरून प्रश्नांपर्यंत कशी येतात, हा निबंधाचा विषय. त्यात नाव न देता एका वयस्क गृहस्थांचं वाक्य आहे: जे दिसत नाही त्याचीच जास्त काळजी घ्यायची असते. आक्काने सगळा निष्कर्ष त्या वाक्यावर उभा केलाय.

"आक्का, तुझ्या घरच्या कोणी तर पसरवलं नसेल ना?"

तिने फोन टेबलावर पालथा घातला. "माझ्या घरात माझं काम कोण वाचतंय गं? गेल्या वर्षी बस्तीसमोरून गाडी हाकलली माझी. चारचौघांत. तू तेव्हा न्हवतीस." बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ.

"कोणी हाकलली?"

"काम कर दिपाली. शुक्रवारी काय व्हायचं ते होऊ दे." ती उठली, पर्स घेतली. दारातून परत येऊन पालथा फोन उचलला आणि गेली.

तिने एकदाही म्हटलं नव्हतं, 'मी केलं नाही.'

३

खोटी दखल कुठे मिळते हे ज्याला विचारायचं तो माणूस कॅम्पात बसतो. विक्रम कॉलेजात माझ्या वर्गात होता. आता फोन विकतो, दुरुस्त करतो, आणि पाटी न लावता लाईक विकतो.

"या मॅडम! विज्ञान आज गरिबाच्या दारी!"

"चेष्टा नको. हे बघ. हा तुझा माल आहे का?"

त्याने फाइल वरपासून खालपर्यंत सरकवली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यॅ. आमचा माल असा नसतोय."

"म्हणजे कसा?"

"आमचा माल लाईक देतोय. ढिगानं. उत्तर देत न्हाई. उत्तराला डोकं लागतंय, आणि डोकं महाग." त्याने एका रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हितं बघ. प्रत्येक पोस्टखाली प्रतिसाद. दहा, वीस, तीस. एका माणसानं काय तरी टाकलं आणि झाडून सगळ्या पावण्यारावळ्यांनी त्याला उत्तर दिलं. असं कोण करतं सांग? माझ्या वाढदिवसाला बी एवढी उत्तरं येत न्हाईत."

"मग ही खरी माणसं आहेत?"

"शंभर टक्के. पण शोधनिबंधाला उत्तर देणारी? ते तू बघ बाई."

मी जायला वळले तसा तो म्हणाला, "तुमच्या त्या श्रद्धामॅडम बऱ्या आहेत का? गणपतीच्या आधी आलत्या हितं."

मी थांबले. "कशाला?"

"नवीन फोन घेतला. जुन्यातलं सगळं भरून देत होतो, तर एका नंबरावर बोट ठेवून म्हणाल्या, ह्याचे मेसेज मला दिसता कामा न्हयेत, आणि दिसत न्हाईत हे त्याला कळता कामा नये. मी म्हटलं, ब्लॉक करा. तर म्हणाल्या, ब्लॉक करण्याएवढा परका न्हवं तो."

"नाव काय होतं?"

"गिऱ्हाइकाचं नाव वाचायचं नसतंय." मग आवाज उतरवून म्हणाला, "सगळं न्हाई वाचलं. पुढं आप्पा होतं."

४

गावांचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो उघडायची भीती वाटत होती. बेळगाव जवळपास कोरं. निपाणी, चिकोडी, सदलगा, बोरगाव, पलीकडे कुरुंदवाड, इचलकरंजी. तुरळक पुणे आणि बेंगळूरू. नकाशावर मांडली, तर ही गावं निपाणीतल्या आक्काच्या दारातून निघाल्यासारखी पसरली होती.

दुसऱ्या दिवशी निपाणीची बस धरली. आक्काला सांगितलं नाही. बस घाट उतरून वर चढेपर्यंत मी तीनदा बॅग उघडून आलेख बघितला. स्टँडवर उतरले तशी तंबाखूची तिखट धूळ घशात बसली.

आक्काची आई, तारामतीकाकी, दारातच भेटल्या. मी गाडीवर त्यांच्या लेकीसोबत असते म्हटल्यावर त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"आधी जेव. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग काय ते इच्चार. लई वाळलीस बाई. बेळगावात खायला मिळत न्हाय व्हय?"

चटणीभाकरी, दही, झुणका. काकी समोर बसून वाढत होत्या. शुक्रवारची समिती, संशय, राखाडी वर्तुळ, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आक्काने घरी अक्षर सांगितलं नव्हतं, आणि मी ते कसं सांगू ते मला कळेना.

शेवटी मी तशीच उठले. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"पहिल्यांदाच आलीस, पण तरी बी. काय चुकलं असलं माझं, तर क्षमा कर हं."

"अहो काकी, काय हे! एवढं जेवू घातलंत आणि क्षमा कसली?"

"क्षमावाणीला सगळ्यांची मागितली, तू न्हवतीस. म्हणून आता." त्या हसल्या. "तुमच्यात न्हाय, न्हवं? पर्युषण पर्वाचे दहा दिवस झाले की आमच्यात सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची. आधी घरोघर जाऊन मागायचो. आता फोनवर. एकानं मागितली की दुसऱ्यानं उत्तर द्यायलाच पायजे. उत्तर न्हाय आलं तर ती क्षमा लोंबकळत ऱ्हाती."

प्रत्येक पोस्टखाली दहा, वीस, तीस उत्तरं.

"काकी, ही क्षमावाणी कधी असते?"

"अनंत चतुर्दशी झाली की. एरवी एक दिवस मधी जातोय, यंदा तिथी जोडून आली. बेळगावात गणपती बुडिवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी पुन्हा खाली बसले. "त्या दिवशी सकाळी तुम्ही काय काय केलंत? सगळं सांगा."

"काय करणार? उठलो, आंघोळी केल्या, फोनवर पाठवाय सुरुवात केली. मग बस्तीत गेलो. तिथं फोन बंद. अभिषेक, पूजा. परत आल्यावर ऱ्हायलेल्यांना पाठवलं."

आलेखातला खड्डा मी काकींच्या सोप्यावर बसून बघत होते. सगळा समाज त्या वेळी बस्तीत होता. बेळगाव झोपलं होतं, म्हणून सर धरून चालले की जग झोपलंय.

"मेसेज तुम्ही स्वतः लिहिता?"

"न्हाय गं. क्षमेचा मजकूर कोण बदलतंय? आमच्या गल्लीत पयला थोरल्यांचा येतोय, तोच तसाच पुढं घालवायचा. सगळ्यांना दिसंल असा बी टाकायचा. यंदा खाली निळ्या अक्षरांत काय तरी होतं. आम्हाला वाटलं, बस्तीचा कार्यक्रम असंल."

त्यांनी फोन पुढे केला. चित्रात कळशी, तोंडाला बांधलेलं पांढरं फडकं, जोडलेले हात, 'उत्तम क्षमा'. खाली श्रद्धाआक्काच्या निबंधाची लिंक.

"हा थोरल्यांचा म्हणजे कोणाचा?"

काकींनी आत, रिकाम्या घराकडे बघितलं. "जिनपाल आप्पांचा. श्रद्धाच्या बापाचे थोरले चुलतभाऊ. त्यांनीच गाडी हाकलली हुती. तेव्हापासनं त्यांचं नाव ह्या घरात तिच्यासमोर कोण घेत न्हाय."

५

जिनपाल आप्पा दोन गल्ल्या पलीकडे राहत. तंबाखूचा व्यापार मुलांवर सोपवून आता बस्तीची व्यवस्था बघतात. सोप्यावर बसून नातवाकडून, वृषभकडून, वर्तमानपत्र वाचून घेत होते.

"कुणाची गं तू?"

"दिपाली. भिंगाच्या गाडीवर असते."

वर्तमानपत्र खाली आलं. आप्पांनी मानेनेच वृषभला आत पाठवलं.

"हाकलायला आलीस काय मला? मी तुमाला हाकललं हुतं, तुझी पाळी."

"आप्पा, क्षमावाणीच्या चित्राखाली आक्काच्या निबंधाची लिंक तुम्ही का घातलीत?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून ते बाजूला ठेवलं.

"पोर लहान असताना कळशीला फडकं बांधायला मी शिकवलं तिला," ते म्हणाले. "फडक्यात ऱ्हायलेलं परत त्याच विहिरीत सोडायला बी. तीच पोर मोठी झाली आणि बस्तीच्या दारात काच लावून बसली. मला वाटलं, आमची परीक्षा घ्यायला आलीया. मी म्हटलं, काचेखाली देव हुडकतीस व्हय? मला नको तुझं भिंग, जे दिसत न्हाय त्याचीच जास्त काळजी घ्यायची असती, काढ गाडी हितनं. पन्नास माणसं हुती. ती एक अक्षर न बोलता गेली."

ते वाक्य. मी ते पाठ केलं होतं आणि कोणा शांत, प्रेमळ म्हाताऱ्याने ते म्हटलं असेल असं धरून चालले होते.

"मग वृषभनं पर्वात तिचं लिखाण वाचून दावलं. मराठीत थोडक्यात दिलंय न्हवं, ते. मी रागानं बोललेलं त्या पोरीनं राग काढून टाकून ठेवलंय. गाळून घेतल्यागत. माझं नाव न्हाय, माझा अपमान न्हाय. त्याच्यावरच सगळं उभं केलंय." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "चारचौघांत हाकललं, तर माफी एकांतात मागून कशी चालंल? म्हणून सगळ्यांत घातलं."

"पण कशाबद्दल मागताय ते तुम्ही लिहिलंच नाहीत. नुसती लिंक."

"धाडस झालं न्हाय. चित्रात जागा बी न्हवती." मग स्वतःच मान हलवली. "जागा हुती. धाडस न्हवतं. वाटलं, जिला कळायचं तिला कळंल. तिला येगळा बी पाठवला. गावच्या गावांची उत्तरं आली. तिचं न्हाय आलं."

मी मग सगळं सांगितलं: संशय, समिती, गाडी. चारशे घरांच्या क्षमेमुळे आक्का चोर ठरतेय हे ऐकून त्यांचा हात काठीवर घट्ट झाला.

"शुक्रवारी तुम्ही येऊन सांगितलंत तरच समिती मानेल. याल?"

"तिनं बोलावलं तर येतो. तू बोलावून न्हाय." त्यांनी वर्तमानपत्र उचललं, उलटं धरलं. "तिला नको असताना गेलो, तर ते बी हाकलल्यागतच की गं."

६

गुरुवारी गाडी खानापूरच्या बाजारात होती. भाताच्या लोंबीवरचे किडे बघायला शेतकऱ्यांची रांग लागली होती. आक्का काच पुसत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिने काच पुसणं थांबवलं नाही. "आईकडं गेलतीस. मला न विचारता."

"हो."

"यंदा क्षमावाणीचे मेसेज मी कुणाचेच उघडले न्हाईत. मला वाटलं हुतं, रविराजनं केलं असंल. मग वाटलं, वृषभ असंल, आणि पोराचं नाव घ्यायचं न्हाय म्हणून गप्प बसले." ती थांबली. "आप्पा? त्यांनी?"

"तुझ्या फोनमध्ये आहे. तू दडपून ठेवलेल्या नंबरावर."

एक म्हातारा भिंगावर डोळा लावून ओरडला, "आयला, ह्याला मिशा हायत की!" रांग हसली. आक्का गाडीच्या पायरीवर बसली आणि तिने फोनमध्ये खूप खाली जाऊन ते नाव उघडलं. कळशी, फडकं, हात. त्याखाली फक्त तिच्यासाठी एक ओळ: श्रद्धे, माझं चुकलं.

ती उत्तर लिहील म्हणून मी बघत होते. तिने लिहिलं नाही. नंबर लावला.

"आप्पा, मी श्रद्धा. उद्या बेळगावात या. क्षमा-बिमा काय ते अजून मला ठाऊक न्हाय. पण या."

आणि फोन ठेवून ती उठली. "पुढचा कोण?"

७

समितीत तिघं होते. अध्यक्षा धारवाडच्या प्राध्यापिका, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. मी भिंतीवर आलेख लावला. सकाळचा चढ, मधला खड्डा, दुपारचा चढ. गावांचा नकाशा. प्रतिसाद. मग काकींच्या फोनवरचं चित्र.

मारुतीराव सर खड्ड्याकडे बघत राहिले. "आम्ही झोपलो होतो," ते पुटपुटले.

"म्हणजे दखल खरी आहे," अध्यक्षा म्हणाल्या. "आकडा परत मिळायला हरकत नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं सर नंतर म्हणाले. मला ते जमलं नाही.

"नाही मॅडम. माणसं खरी आहेत, दखल खरी नाही. बहुतेकांनी लिंक उघडलीसुद्धा नाही. त्यांना तो बस्तीचा कार्यक्रम वाटला. त्यांनी क्षमा मागितली, सेवेने ती संशोधनाची वाहवा म्हणून मोजली. आकडा काढून टाका. पण आक्कावरचा आळही काढा."

सरांनी कपाळाला हात लावला. रविराज छताकडे बघू लागला. अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवला. "आळ निघाला. पण आकडाही गेला. मग गाडीच्या बाजूने तुमच्याकडे उरलं काय?"

दाराजवळच्या खुर्चीत काठी सरकली. जिनपाल आप्पा उभे राहिले. धुतलेलं धोतर, टोपी हातात.

"मी उरलोय," ते म्हणाले. "बाई, ते चित्र मी पाठवलं. अर्धंच पाठवलं. ऱ्हायलेलं आता सांगतो. ह्या पोरीची गाडी मी बस्तीसमोरनं हाकलली. पन्नास जणांत तिला नको ते बोललो. तिनं माझा शब्द जपला, मी तिचा मान जपला न्हाय. माझी चूक. हे मी लिहाय पायजे हुतं. लिहिलं असतं तर ही पोर आज चोरावाणी हितं बसली नसती."

टेबलाच्या त्या टोकाला आक्का खाली मान घालून बसली होती.

"तुम्ही भिंगातून पाहिलंत का कधी?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाय. न बघताच हाकललं." आप्पांनी घसा साफ केला. "गाडी चालू ठिवा. बस्तीच्या आवारात लावून घेतो, बाहेर रस्त्यावर न्हाय. पयला मी बघणार. मग मागनं गल्ली येती का न्हाय ते तुमी मोजा."

अध्यक्षा दोघा सदस्यांशी हळू बोलल्या. मग वहीत काही लिहिलं. "एक वर्ष. पण पुढच्या वेळी मला आलेख नको. तिथे बघणारे काय म्हणाले ते आणा."

सरांनी सुस्कारा सोडला. आप्पा अजून उभेच होते, बसायचं विसरल्यासारखे. मी त्यांना बसा म्हणणार, तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढला. चष्मा शोधला, नाकावर ठेवला. स्क्रीनवर बराच वेळ बघत राहिले. टेबलाच्या त्या टोकाला आक्काने आपला फोन हळूच खाली ठेवला. या वेळी सुलटा.

"काय आलंय?" सरांनी विचारलं.

आप्पांनी फोन खिशात ठेवला, वरून हाताने दाबला आणि खुर्चीत बसले.

"उत्तर," ते म्हणाले.